साठा चेनचा, पण किती?

मेहकर, जि. बुलढाणा



पायडलाचा जोर मागच्या चाकापर्यंत नेणारे सायकलचे भाग मोजकेच असतात : एक्सल आणि त्याचे छर्रे, क्रँक, पुढचे दातेरी चक्र, चेन आणि मागचे फ्रीव्हील. सगळे सारखे झिजत नाहीत. आधी चेन जाते, तिच्यामागून फ्रीव्हील; पुढचे चक्र या दोघांना पुरून उरते. भाव वाढण्याआधी सुटे भाग घेऊन ठेवायचे तर खरेदीचा क्रमही हाच.

बुलढाणा जिल्ह्यात चेनची खरी वैरीण काळी माती. पावसाळ्यात शेतरस्त्याने ती टायरला लगडते, मडगार्डात अडकते, चेनवर येते आणि तेलात कालवली गेली की तिची घासणारी लुगदी होते. वरून जळके ऑईल ओतायची रीत जुनी आहे. त्याने चेन कुरकुरायची थांबते, झिजायची नाही. राजूर घाट चढणाऱ्या सायकलच्या चेनवर मलकापूर-नांदुऱ्याच्या सपाटीपेक्षा ताण जास्त, म्हणून तिचे आयुष्यही कमी.

झीज डोळ्यांना दिसत नाही, पट्टीला दिसते. चेनच्या दोन पिनांमधले अंतर अर्धा इंच असते, म्हणजे २४ कड्या बरोबर १२ इंच भरतात. हे माप १/१६ इंचाने वाढले की चेन बदलावी. १/८ इंच वाढेपर्यंत ती तशीच चालवली, तर तिने फ्रीव्हीलचे दातही आपल्या मापाचे करून घेतलेले असतात. मग त्यांवर नवी चेन चढवली की ती जोर लावताच दात सोडते. म्हणजे वेळेवर घेतलेली चेन फ्रीव्हीलचा खर्च वाचवते. रोज लांबचा पल्ला मारणारे काही जण एका फ्रीव्हीलवर तीन चेन आलटून पालटून वापरतात. सगळे एकत्र झिजते आणि एकदमच बदलले जाते. साठा करायचा तर असा, वापरात असलेला.

मापात मात्र फसगत होते. साध्या काळ्या सायकलची चेन आतून १/८ इंच रुंद, गिअरच्या सायकलची त्याहून अरुंद. दोन्हींत पिनांचे अंतर तेच असल्याने दुकानात त्या सारख्याच भासतात. सहा-सात गिअरची स्वस्त चाके आट्यांवर फिरवून बसवायचे फ्रीव्हील घेतात. आठ आणि त्यापुढच्या गिअरना बहुधा हबवर सरकवायची कॅसेट लागते. एकाच्या जागी दुसरे चालत नाही. क्रँक एक्सलवर घट्ट धरणाऱ्या कॉटर पिनसाठी जुनी पिन खिशात घालून नेणे बरे.

आता भावाचे. २०२१ मध्ये पोलाद महागले, तशा सायकलीही महागल्या. उलट २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकल आणि तिच्या सुट्या भागांवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. त्याआधी धास्तीने पेटी भरणाऱ्याने जास्तच मोजले. चेन म्हणजे खामगावची चांदी नव्हे, की घरात ठेवली आणि किंमत वाढली. साठ्याचे सबळ कारण वेगळे आहे : वस्तू मिळेनाशी होणे. कोविडच्या काळात गिअरचे परदेशी भाग जगभर महिनोन्महिने अडले होते. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना मिळणाऱ्या साध्या सायकलींना ती अडचण नसते. त्यांचे लुधियानी बनावटीचे भाग तालुक्याच्या दुकानात मिळतात. त्यांच्यासाठी घरात एक चेन, दोन कॉटर पिना आणि मूठभर छर्रे पुरेत. गिअरच्या सायकलीसाठी दोन चेन आणि एक फ्रीव्हील किंवा कॅसेट. पुढचे चक्र आणि एक्सल गरज पडल्यावरच.

टायर-ट्यूब या साठ्यात घेऊ नयेत. पडून पडून रबर कडक होते, चिरते. लोखंडाला भीती गंजाची. नव्या चेनवरचे कारखान्याचे वंगण पुसू नये, तिला तेलकट कागदात गुंडाळून झाकणाच्या डब्यात ठेवावे, आणि डब्यावर माप व खरेदीचा महिना लिहावा.

— मामा