आराखडा अमेरिकेचा, वारा कोल्हापूरचा

रेडिओवर उडणारं मॉडेल विमान बनवायला शिकवील असं माणूस कोल्हापुरात शोधावंच लागतं. मोबाइलवर मात्र आराखडे, व्हिडिओ, हिशेबाची साधनं हवी तेवढी मिळतात, आणि त्यातली बरीचशी फुकट. मी याच वाटेनं शिकलो. आता ओळखीपाळखीतली पोरं आराखडे घेऊन माझ्याकडे येतात, त्यामुळे कुणाचं विमान का पडलं हे जवळून पाहायला मिळतं. नेटवरची माहिती सहसा खोटी नसते. पण ती दुसऱ्या मुलखातली दुकानं, तिथला कायदा आणि तिथली हवा धरून लिहिलेली असते, आणि ही गोष्ट तिथं कुणी सांगत नाही, कारण लिहिणाऱ्याला ती सांगायची गरजच वाटत नाही.

बारावीतल्या एका मुलाचं उदाहरण सांगतो. फ्लाइट टेस्ट या अमेरिकन गटाचे आराखडे नवशिक्यांसाठी फार चांगले असतात. ते फुकट उतरवून घेता येतात, साध्या ए-फोर कागदांवर छापून जोडता येतात, आणि सोबत जोडणीचा सविस्तर व्हिडिओ असतो. या मुलानं असाच एक आराखडा घेतला आणि आराखड्यात लिहिलेला ‘फोम बोर्ड’ आणायला जाहिरातीचे फलक करणाऱ्याच्या दुकानात गेला. तिथं त्याला पांढरीशुभ्र, गुळगुळीत, 5 मिलिमीटर जाडीची शीट मिळाली. मैदानावर विमान भरधाव धावलं, पण जमीन काही सोडेना. मुलगा रडकुंडीला आला. “काका, प्लॅन बरोबर कापलाय की. मोटर पण तीच घेतलीय.”

त्याचं सगळं खरं होतं. फरक होता तो शीटमध्ये. अमेरिकेतला तो बोर्ड म्हणजे दोन्ही बाजूंनी कागद लावलेला थर्माकोलच्या जातीचा फोम. त्याची 20 बाय 30 इंचांची शीट साधारण 115 ग्रॅम भरते. आपल्याकडे फलकवाले ज्याला सनबोर्ड म्हणतात तो पीव्हीसीचा फोम. त्याच मापाची आणि जाडीची शीट पाऊण ते एक किलो भरते. एवढ्या वजनाला कुठली मोटर पुरणार? म्हणून माझं पहिलं सांगणं असं की आराखडा उघडल्यावर चित्र पाहण्याआधी त्यात दिलेलं एकूण वजन शोधा, आणि शीट घ्यायला जाताना पिशवीत डिजिटल वजनकाटा ठेवा. कागद लावलेला हलका बोर्ड स्टेशनरीच्या किंवा वास्तुरचनेच्या विद्यार्थ्यांना सामान देणाऱ्या दुकानात मिळतो. तयार विमान आराखड्यातल्या वजनापेक्षा पाव पटीहून जास्त भरलं, तर मी ते उडवू देत नाही. आधी वजन उतरवायचं, मग मैदान.

बाल्सा लाकडात काम करणाऱ्यांसाठी आउटरझोन हा जुन्या आराखड्यांचा मोठा फुकट संग्रह आहे. त्यातले बरेच आराखडे इंधनावर चालणाऱ्या इंजिनांच्या काळातले आहेत. नाकावरचं जड इंजिन जाऊन तिथं हलकी विजेची मोटर आली की तोल मागं सरकतो, आणि मागं तोल गेलेलं विमान नवशिक्याच्या हातात काही सेकंदसुद्धा टिकत नाही. आराखड्यावरची गुरुत्वमध्याची खूण पंखावर तशीच उतरवून घ्या आणि बॅटरी पुढं-मागं सरकवून विमान तिथं तोला. खूणच नसेल, तर ईकॅल्क या संकेतस्थळावरच्या गणकात पंखाची मापं भरून सरासरी रुंदीच्या 25 टक्क्यांवरचा बिंदू काढा. पहिलं उड्डाण तिथूनच करावं.

याच ईकॅल्कमध्ये मोटर, पंखा आणि बॅटरी यांचा मेळ आधीच तपासता येतो. त्यात उंची आणि तापमानाच्या चौकटी असतात. बहुतेक जण त्या आहेत तशाच सोडतात. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण 600 मीटर उंच आहे. इथली हवा किनाऱ्यापेक्षा पाच-सहा टक्के विरळ, आणि एप्रिलच्या दुपारी आणखी विरळ. भरलेल्या विमानाला हा फरक जाणवतो. अभियांत्रिकीच्या मुलांनी पुढं जाऊन इलिनॉय विद्यापीठाचा पंखछेदांचा संग्रह आणि एक्सएफएलआर-फाइव्ह हे फुकट सॉफ्टवेअर जरूर पाहावं. बाकीच्यांना त्याची घाई नाही. त्यांनी पिकासिमसारख्या सिम्युलेटरवर आपलाच रिमोट जोडून हात बसवावा. समोरून येणाऱ्या विमानाचं डावं-उजवं उलटं होतं, ते तिथं शिकलेलं स्वस्त पडतं.

रेडिओबद्दल मात्र सावध राहा. लांब पल्ल्यासाठी 915 मेगाहर्ट्झ घ्या, असं अमेरिकी व्हिडिओंत सर्रास सांगतात. तो पट्टा तिथं खुला आहे, भारतात परवान्याशिवाय वापरता येत नाही. आपल्याकडे 2.4 गिगाहर्ट्झचा पट्टा खुला आहे, आणि डोळ्यांना दिसेल एवढ्या अंतरावर उडवायला तो भरपूर होतो. खरेदीचंही तसंच. 9 फेब्रुवारी 2022 पासून पूर्ण तयार किंवा सुट्या संचाच्या रूपातल्या ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे. परदेशी संकेतस्थळ पैसे घेईल, पण माल कस्टममध्ये अडकेल. सुटे भाग आणायला मुभा आहे, आणि तेही आता भारतीय दुकानांतून घरपोच मिळतात.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. “आपलं विमान आहे, ड्रोन थोडंच आहे?” असं मला नेहमी ऐकायला मिळतं. ऑगस्ट 2021 चे ड्रोन नियम मानवरहित विमानांचे आहेत, चार पंख्यांचं यंत्र आणि आपलं बाल्साचं विमान दोन्ही त्यांत येतात. छंदासाठी, शिक्षणासाठी, नजरेच्या टप्प्यात उडवलेल्या 25 किलोपर्यंतच्या मॉडेलला त्यात प्रकार-प्रमाणपत्राची सूट दिली आहे. पण कुठं उडवायचं याची सूट नाही. नोंदणी, वजनाचे गट आणि वैमानिकाचं प्रमाणपत्र यांबद्दल कुणाच्या व्हिडिओवर विसंबू नका. मूळ नियमावली वाचा. ती फार मोठी नाही.

डिजिटल स्काय या सरकारी नकाशावर हिरवा, पिवळा आणि लाल असे पट्टे दाखवलेले असतात. हिरव्यात 400 फूट, म्हणजे 120 मीटरपर्यंत उडवता येतं. विमानतळाच्या हद्दीपासून 8 ते 12 किलोमीटरमध्ये ही मर्यादा 200 फुटांवर येते, आणि त्याहून जवळ परवानगीशिवाय काहीच नाही. उजळाईवाडीचा आपला विमानतळ शहराला किती लागून आहे ते आठवा. शिवाजी विद्यापीठाचा परिसर, गोकुळ शिरगाव, राजारामपुरी, सगळं 8 किलोमीटरच्या आत. विद्यापीठाकडची मोकळी जागा पाहून कुणाचाही हात शिवशिवेल, पण तिथल्या आकाशातून प्रवासी विमानं उतरतात. उतरत्या विमानाच्या वाटेत दीड किलोचं मॉडेल आलं तर काय होईल, हा विचार मला झोपू देत नाही. पन्हाळ्याकडे गेलात तरी किल्ला संरक्षित स्मारक आहे आणि मसाई पठार वन विभागाचं राखीव क्षेत्र. तिथंही आधी विचारावं लागतं. मैदान निवडण्याआधी नकाशा पाहा, आणि उडवायच्या दिवशी सकाळी पुन्हा पाहा, कारण तात्पुरती बंदी केव्हाही लागू शकते.

लिथियम पॉलिमर बॅटरीबद्दल नेटवर सांगतात ते इथंही तंतोतंत लागू आहे. एका सेलला 4.2 व्होल्टच्या वर चार्ज नको, ठेवताना 3.8 च्या आसपास ठेवा, फुगलेली वापरू नका, आणि चार्जिंग फरशीवर, डोळ्यांसमोर करा.

एक गोष्ट कुठल्याच परदेशी व्हिडिओत मिळत नाही, ती म्हणजे ऊस. आपल्याकडे मोकळ्या रानाच्या चारही बाजूंना ऊस असतो, आणि दिवाळीच्या सुमाराला तो डोक्याच्या वर गेलेला असतो. त्यात उतरलेलं विमान दहा पावलांवर असूनही दिसत नाही. रिसीव्हरला जोडायचा छोटा बझर काही शेकड्यांत मिळतो, तो बसवाच. विमान पडताना मागं दिसणारं झाड किंवा विजेचा खांब ध्यानात ठेवा, एकानं जागेवर उभं राहून दिशा धरावी, दुसऱ्यानं शोधायला जावं. आणि आत शिरण्याआधी रानाच्या मालकाला हाक मारा. बहुतेक शेतकरी स्वतः शोधायला येतात. सऱ्या तुडवून, ऊस मोडून बाहेर पडलात, तर त्या रानाशेजारी पुढच्या रविवारी कुणालाच उडवता येणार नाही.