पदव्युत्तर कलाशिक्षणासाठी चित्रसंचाची पूर्वतयारी

गुणपत्रिका हरवल्यास विद्यापीठाकडून तिची दुसरी प्रत मिळू शकते. परंतु वाळवीने खाल्लेल्या रेखाटनाची दुसरी प्रत कोणतेही कार्यालय देऊ शकत नाही. चित्रकला, शिल्पकला किंवा उपयोजित कला या विषयांत पदवीनंतरचे शिक्षण घेऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने हा फरक फार महत्त्वाचा आहे. अनेक कलासंस्थांत निवड करताना केवळ गुण पाहिले जात नाहीत. विद्यार्थ्याच्या निवडक कामांचा संच, म्हणजेच पोर्टफोलिओ, समितीपुढे ठेवावा लागतो. काही ठिकाणी प्रात्यक्षिक परीक्षा व मुलाखतही होते.

महाराष्ट्रात कलाशिक्षणाची परंपरा जुनी आहे. मुंबईचे सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ साली सुरू झाले. १९६५ मध्ये राज्यात स्वतंत्र कला संचालनालय स्थापन झाले. एलिमेंटरी व इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांमुळे चित्रकलेची गोडी ग्रामीण भागातील शाळांतही रुजली. तेथून पदवीपर्यंत पोचलेला विद्यार्थी पुढे मुंबईस, बडोद्यास वा शांतिनिकेतनास जाऊ इच्छितो, तेव्हा त्याची खरी अडचण पुष्कळदा गुणांची नसते. चांगली कामे कोणाला तरी देऊन टाकलेली असतात, काही पावसाळ्यात भिजलेली असतात आणि उरलेल्यांवर ना तारीख असते ना नोंद.

अजिंठ्याचा धडा

कलाकृतीची नोंद ठेवण्याचे महत्त्व सांगणारे उदाहरण आपल्याच राज्यात घडले आहे. १८४४ साली नियुक्त झालेले रॉबर्ट गिल यांनी अनेक वर्षे खपून अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती तयार केल्या. त्यांतील बहुतेक १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील आगीत नष्ट झाल्या. पुढे १८७२ ते १८८५ या काळात सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स व त्यांचे विद्यार्थी यांनी ते काम नव्याने केले. त्यांपैकीही अनेक प्रतिकृती १८८५ साली लंडनमध्येच दुसऱ्या आगीत सापडल्या. तथापि ग्रिफिथ्स यांनी १८९६–९७ मध्ये दोन खंड प्रसिद्ध केले आणि त्या परिश्रमांची नोंद मागे राहिली. मूळ काम गेले तरी नोंद टिकते, हाच यातील बोध होय.

निवड कशी करावी

संचात किती कामे असावीत, हे प्रत्येक संस्थेच्या माहितीपत्रकात दिलेले असते. ती मर्यादा काटेकोरपणे पाळावी. वीस कामे मागितली असता चाळीस देण्याने प्रभाव वाढत नाही. एक दुबळे चित्र शेजारच्या चांगल्या चित्राचेही तेज कमी करते. छायाचित्रांवरून हुबेहूब उतरविलेली चेहऱ्यांची चित्रे हातातील कौशल्य दाखवितात, परंतु विद्यार्थ्याची स्वतःची दृष्टी दाखवीत नाहीत. याउलट आठवडी बाजार, एस. टी. स्थानक, गोठा किंवा घरातील वृद्ध माणसे यांची प्रत्यक्ष पाहून केलेली रेखाटने समितीस अधिक सांगून जातात. एखाद्या विषयाचा सलग पाठपुरावा करणारी पाच-सहा कामे एकत्र ठेवणे इष्ट. रेखाटनवहीतील काही पानेही जोडावीत. विचार कसा वाढत गेला, हे त्यांतूनच दिसते. आरंभी व अखेरीस सर्वांत समर्थ कामे असावीत.

जतन आणि नोंद

कागदावरील कामे गुंडाळून ठेवू नयेत. ती पुठ्ठ्याच्या दोन फळ्यांमध्ये सपाट ठेवावीत. कोळशाच्या रेखाटनांमध्ये बटर पेपर घालावा. संच जमिनीवर किंवा ओल येणाऱ्या भिंतीलगत ठेवू नये. प्रत्येक कामामागे शीर्षक, माध्यम, सेंटिमीटरमध्ये आकार व वर्ष पेन्सिलीने लिहावे. काम पूर्ण होताच त्याचे छायाचित्र घ्यावे. ते दिवसाच्या सावलीतील उजेडात, फ्लॅश न वापरता आणि कॅमेरा चित्रासमोर सरळ धरून घ्यावे. शिल्पाची छायाचित्रे निरनिराळ्या बाजूंनी घ्यावीत. त्यांच्या प्रती दोन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवाव्यात.

संस्थेने निवेदन मागितले असल्यास ते साध्या भाषेत लिहावे. आपण काय पाहतो, कोणत्या माध्यमात काम करतो आणि पुढे काय शिकावयाचे आहे, एवढे त्यात स्पष्ट असले म्हणजे पुरे. मोठमोठ्या संज्ञा उसन्या घेतल्यास मुलाखतीत पहिल्याच प्रश्नाला अडखळण्याची वेळ येते.

शाळा व ग्रामपंचायत यांचा वाटा

ही तयारी प्रवेशाच्या महिन्यात होत नसते. तिचा पाया शाळेतच घातला जातो. कलाशिक्षकांनी चित्रामागे तारीख लिहिण्याची सवय आठवीपासून लावावी. मुख्याध्यापकांनी एखादे कोरडे कपाट चित्रांसाठी राखून ठेवावे. ग्रामपंचायतीने १५ ऑगस्ट व २६ जानेवारी रोजी सभागृहात विद्यार्थ्यांची चित्रे मांडली आणि प्रवेशाच्या सूचना फलकावर लावल्या, तर त्यासाठी फारसा खर्च येणार नाही. चित्र काढणारा मुलगा किंवा मुलगी वेळ वाया घालवीत नाही, हे पालकांना यातून पटू शकेल. गावातील एखाद्या होतकरू विद्यार्थ्याचे दार केवळ त्याची कामे जपली न गेल्यामुळे बंद होऊ नये, एवढी दक्षता सर्वांनी घेणे अगत्याचे आहे.