लांडगा आणि मेंढपाळ

पुणे, अहिल्यानगर, सोलापूर या जिल्ह्यांत कमी पावसाची विस्तीर्ण माळराने आहेत. तेथे धनगर मेंढ्यांचे कळप घेऊन फिरतो आणि त्याच्या मागोमाग लांडगाही फिरतो. लांडगा हा मोठा चिवट प्राणी. वजनाने तो जेमतेम २० किलोच्या आसपास भरतो. पण एका रात्रीत कोसच्या कोस सहज तुडवतो. चिंकारा, काळवीट, ससे हे त्याचे खरे भक्ष्य. माळ नांगरले गेले, त्यांवर कारखाने उठले, तेव्हा हे भक्ष्य ओसरले आणि लांडग्याची दृष्टी मेंढरांकडे अधिकच वळली.

चारदोन मेंढ्या गेल्या, तरी गरीब मेंढपाळाचा संसार डळमळतो. म्हणून पूर्वी लोक लांडग्याची बिळे धुंडाळीत व त्यांत धूर कोंडून पिल्ले मारीत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने अशा हत्येस बंदी घातली. परंतु केवळ बंदीने मेंढपाळाची चिंता कशी मिटणार? मारलेल्या जनावराची भरपाई वनखाते देते. ती वेळेवर हाती पडली, तर मनातील राग पुष्कळ निवळतो.

खरा उपाय मात्र धनगरांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. दिवस मावळताच ते मेंढ्यांभोवती जाळ्याची वाघर लावतात. कुत्री राखण करतात, घरचे एखादे माणूस जागे राहते. एवढे करूनही एखादे कोकरू गेलेच, तर तो लांडग्याचा हिस्सा, असे मानणारे धनगरही आहेत!

अलीकडे गावच्या मोकाट कुत्र्यांमुळे निराळेच संकट ओढवले आहे. त्यांचे रोग लांडग्यांना जडतात. त्यामुळे कुत्र्यांना लस टोचणे हेही आता लांडग्याच्या रक्षणाचेच काम झाले आहे.