पाण्यातली सुरळी

पावसाळ्यात सुट्टीच्या दिवशी मी अंधेरीहून आरेत जाते. तिथल्या पाड्यांवर अजून भात लावतात. खाचराच्या बांधावर बसून पाण्यात बघत राहायचं, हा माझा अनेक वर्षांचा नाद. त्यातून जे शिकले ते असं.

१. घरावरून नाव ठरवू नये. पहिल्या वर्षी पाण्यावर तरंगणारी पानाची सुरळी दिसली, आत अळी होती. मी वहीत ‘कॅडिसफ्लाय’ लिहून मोकळी झाले. कॅडिसची अळी वाळूचं, काड्यांचं घर करते, आणि पानांच्या तुकड्यांचंही करते. त्या पावसाळ्यातल्या सगळ्या नोंदी पुढे खोडाव्या लागल्या. माझी अळी पतंगाची होती.

२. अळी हलकेच उलटी करून पोट बघावं. सगळा निकाल तिथे आहे. डोक्यामागे सांध्यांच्या पायांच्या तीन जोड्या दोघींनाही असतात. फरक त्याच्या मागे. कॅडिसचं पोट कोरं, फक्त शेपटाशी आकडेवाली एक जोडी. पतंगाच्या अळीला पोटाच्या तिसऱ्या ते सहाव्या वलयावर आखूड, मांसल पायांची एकेक जोडी आणि अगदी शेवटी आणखी एक. दहापट भिंगातून या पायांच्या तळव्यावर बारीक आकड्यांची रांग दिसते. लिंबाच्या रोपावरची अळी बोटावर चढवली की ती जशी चिकटून चालते, ती याच आकड्यांमुळे. एकाच घराण्याची खूण पाण्यातही टिकली आहे, हे पहिल्यांदा दिसलं तेव्हा मी किती तरी वेळ भिंग खाली ठेवलं नव्हतं.

३. कल्ले बघायचे तर अळी पाण्यातच ठेवावी. बाहेर काढली की ते ओल्या केसांसारखे अंगाला चिकटतात आणि अळी गुळगुळीत वाटते. मी पांढऱ्या ताटलीत बोटभर पाणी घेते, चहाच्या गाळणीने अळी त्यात सोडते. मग फिकट हिरव्या अंगाच्या दोन्ही बाजूंना फांद्या फुटलेल्या पांढुरक्या तंतूंचे झुबके उलगडतात. ही पॅरापॉइंक्स, भातावरची सुरळीतली अळी.

४. पण नुसत्या कल्ल्यांवर जाऊ नये. पाण्यावर गरगरणाऱ्या काळ्या भुंगेऱ्यांच्या अळीलाही बाजूंना पिसांसारखे कल्ले असतात. तिला पोटावर मांसल पाय नसतात, शेपटाशी चार आकडे असतात. उलट एलोफिलासारख्या पतंगांच्या अळ्यांना कल्लेच नसतात. पानाच्या घरातल्या हवेवर त्यांचं भागतं.

५. अळीआधी पान वाचावं. शेंडा कात्रीने कापल्यासारखा आणि पात्यावर कागदासारखे पांढरे पट्टे असले, की सुरळी जवळपासच असते. अळी शेंडा कापून त्याची नळी करते, आतून रेशीम लावते आणि हिरवा भाग खरवडून खाते. एका आजींनी मला विचारलं, “ताई, एवढं काय बघता तिच्यात? पाणी सोडून दिलं की ती मरते.” बरोबर होतं त्यांचं. कल्ल्यांनी श्वास घेणारी अळी पाण्याविना कशी जगेल? दोरी ओढून सुरळ्या पाण्यात पाडायच्या आणि मग पाणी काढायचं, हा कोकणातला जुना उपायही त्यावरच उभा आहे.

६. वाहत्या पाण्यातली वेगळी. इओफिला या पतंगाच्या अळ्या ओढ्यातल्या दगडांवर रेशमी जाळीखाली राहतात; अंग चपटं, जबडे पुढे, शेवाळ खरवडायला. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातल्या ओढ्यांतून मात्र वनखात्याच्या परवानगीशिवाय काही उचलू नये.

७. खात्री हवी तर सुरळीतली अळी वाढवून बघावी. भाताच्या काडीसह पाण्याच्या बरणीत ठेवावी आणि तोंडाला बारीक मलमल घट्ट बांधावी, नाहीतर साठलेल्या पाण्यात डेंग्यूचे डास होतात. माझ्या बरणीत एका सकाळी मलमलीला खालून एक पांढरा पतंग चिकटलेला होता. पंखांवर फिकट तपकिरी नक्षी, नखाएवढा. संध्याकाळी बरणी खिडकीत ठेवून कापड सोडलं.