दर हजारी किती मुली?

आजच्या धड्यात आपण थोडा हिशेब करू. पाटी-पेन्सिल जवळ घ्या.

एका गावात सहा वर्षांपर्यंतचे ५० मुलगे आणि ४० मुली आहेत. तर हजार मुलग्यांमागे मुली किती? ४० ला १००० ने गुणा आणि ५० ने भागा. उत्तर ८००. सरकारी कागदात यालाच 'बाल लिंग गुणोत्तर' म्हणतात. नाव जड आहे, गणित सोपं आहे.

आता ८०० हा आकडा बरा की वाईट? निसर्गात मुलगे थोडे जास्त जन्मतात. हजार मुलग्यांमागे साडेनऊशेच्या आसपास मुली, असं हे माप. त्या मापाशी ताडून पाहावं. मात्र गाव लहान असलं, की पाच-सात पाळणे इकडचे तिकडे झाले तरी आकडा हलतो. तेवढ्यावरून त्या गावाला नावं ठेवू नयेत. जिल्हा बघावा, राज्य बघावं, दहा-वीस वर्षं बघावीत.

तसं बघितलं तर काय दिसतं? आपल्या महाराष्ट्रात १९९१ च्या जनगणनेत हजारामागे ९४६ मुली होत्या. २००१ मध्ये ९१३ झाल्या. २०११ मध्ये ८९४. बीड जिल्ह्यात तर त्या साली आकडा आठशेच्या थोडाच वर होता. या मुली काही साथीच्या रोगाने गेल्या नाहीत. पुष्कळशा जन्मालाच येऊ दिल्या नाहीत. गर्भाची तपासणी करून मुलगा की मुलगी हे पाहण्याविरुद्ध महाराष्ट्राने १९८८ मध्येच कायदा केला, देशाने १९९४ मध्ये. कायदा असूनही आकडा उतरला, हे आम्हाला फार लागतं.

आणि गंमत बघा, गंमत कसली म्हणा, याच वीस वर्षांत राज्यात शिकलेल्या बाया वाढल्या. १९९१ मध्ये शंभरात ५२ बायांना लिहिता-वाचता येत होतं, २०११ मध्ये ७६ जणींना. पुरुष ७७ वरून ८८ वर गेले. म्हणजे दोघांतलं अंतर २५ वरून १२ वर आलं. एक आकडा चढला, दुसरा पडला. कोणी नुसता चढलेला आकडा दाखवून "बायांची प्रगती झाली" म्हणालं, तर दुसराही मागून घ्या.

काही गोष्टी तर मोजल्याच जात नाहीत. पहाटेपासून चूल, पाणी, धुणं करणारी बाई जनगणनेत 'काम न करणारी' या रकान्यात जाते! २०१९ मध्ये सरकारने देशभर लोकांचा वेळ मोजला, तेव्हा कुठे नीट कळलं. बिनपगारी घरकाम तेव्हा शंभरात ८१ बाया करत होत्या, पुरुष २६. करणाऱ्या बाईचे त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जात होते, म्हणजे जवळजवळ पाच तास. पुरुषाचे ९७ मिनिटं.

अभ्यास

१. एका अंगणवाडीत ६० मुलगे आणि ५७ मुली आहेत. दर हजारी मुली किती?

२. घरकामात आपले किती तास जातात? एक दिवस घड्याळ बघून वहीत लिहा. घरातल्या पुरुषांचेही लिहा. त्यांना विचारू नका, बघून लिहा.

३. आपल्या घरच्या सातबारावर कोणाकोणाची नावं आहेत, ती वाचा. त्यांत बायांची किती, ते मोजा.