थंडी हवी, पण बेताची

निफाडला पारा पाच अंशांच्या खाली उतरला की द्राक्ष बागायतदार पहाटे मोटर चालू करतो, बागेत शेकोट्या पेटवतो. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी दव गोठले की पेपरात फोटो येतो आणि स्ट्रॉबेरीवाल्याच्या पोटात गोळा येतो. रत्नागिरीत दव गोठत नाही, म्हणून आपल्याकडे थंडीचा हिशेब कोणी फारसा मांडत नाही. इथली थंडी झाड जाळत नाही हे खरे, पण ती हापूसवर दोनदा मोहोर काढते आणि पहिल्या मोहोराची फळे पाडते. नुकसान पेट्यांमध्येच मोजायचे तर ते काही कमी नाही.

पाऊस ओसरला, ऑक्टोबरची उष्णता गेली आणि रात्री गार होऊ लागल्या की पक्व काडीवर बोंगे फुटतात. इथपर्यंत थंडी हवीच. पुढे डिसेंबर-जानेवारीत किमान तापमान पंधराच्या खाली उतरून काही दिवस तिथेच राहिले, की ज्या फांदीवर कणी धरली आहे तिच्यावरच नवा मोहोर येतो. झाडाचे अन्न नव्या मोहोराकडे वळते आणि वाटाण्याएवढी फळे गळून पडतात. शिवाय कडाक्याच्या थंडीत आलेल्या मोहोरात नर फुले जास्त, फळ धरू शकणारी संयुक्त फुले कमी. झाड पांढरेशुभ्र दिसते, रस्त्यावरून जाणारा थांबून बघतो. पण अशा झाडाखाली उभे राहून पेट्यांचा अंदाज बांधू नये.

यात सर्वांत जास्त सापडतात ती पॅक्लोब्यूट्राझोल, म्हणजे आपले कल्टार, दिलेली कलमे. त्यांचा मोहोर लवकर येतो, हाच तर ते घालण्याचा हेतू. पण लवकर मोहोर म्हणजे जानेवारीच्या थंडीत झाडावर नेमकी कोवळी कणी. म्हणून हा दुसरा मोहोर, म्हणजे पुनर्मोहोर, रोखणाऱ्या फवारणीची तयारी आधी या कलमांसाठी ठेवा. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाची शिफारस ५० पीपीएम जिबरेलिक ॲसिडची आहे, म्हणजे २० लिटर पाण्यात १ ग्रॅम. पहिली फवारणी पुरेसा मोहोर आल्यावर, दुसरी फळे मोहरीएवढी असताना. पावडर थेट पाण्यात नीट विरघळत नाही, आधी थोड्या अल्कोहोलमध्ये विरघळवून घ्या. ‘पुरेसा मोहोर’ हे शब्द मात्र विसरू नका. ज्या कलमावर मोहोर तुरळक आहे, त्याला पुढच्या थंडीत येणारा मोहोर हवाच असतो. तिथे हे औषध मारणे म्हणजे आपल्याच हाताने पीक रोखणे. शेजाऱ्याचा पंप सुरू झाला म्हणून आपलाही सुरू करायची घाई इथे अंगाशी येते. प्रत्येक कलमाखाली उभे राहून ठरवायला लागते, त्याला इलाज नाही.

सगळ्या बागेला एकच थंडी लागत नाही. गार हवा जड असते, ती रात्री उतारावरून खाली सरकते आणि पऱ्याच्या काठी, खोलगट जागेत साचते. त्यामुळे वरच्या कातळावरच्या कलमांपेक्षा खालच्या कलमांना पहाट जास्त गार लागते. खाडी-समुद्राजवळच्या बागांना पाण्याची ऊब असते. लांजा, संगमेश्वरकडे आत गेलात की रात्र जास्त थंड आणि दुपार जास्त तापलेली. बागेच्या सर्वांत खोल भागात कमाल-किमान तापमापक सावलीत, माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर टांगा आणि रोज सकाळी आकडा लिहा. विद्यापीठाचा हवामान सल्ला मंगळवारी आणि शुक्रवारी येतो, तोही बघा. पण तो जिल्ह्याचा असतो, तुमच्या पऱ्याकाठचा नसतो.

थंडीबरोबर दव आले की मोहोरावर भुरी आणि करपा, आणि थंडी कमी होऊन ऊब आली की तुडतुडे. बोंगे फुटताना लॅम्ब्डा सायहॅलोथ्रिन ५ टक्के ६ मिली आणि त्यानंतरच्या फवारणीत इमिडाक्लोप्रिड १७.८ टक्के ३ मिली, दोन्ही १० लिटर पाण्यात, हे वेळापत्रक बहुतेकांना पाठ आहे. मोहोर पूर्ण उमललेला असताना कीटकनाशक टाळा, कारण परागीकरण माश्या आणि मधमाश्या करतात.

खरी अडचण अशी की थंडी संपते न संपते तोच उन्हाळा अंगावर येतो. फेब्रुवारी २०२३ मध्ये देशाचे सरासरी कमाल तापमान १९०१ पासूनच्या नोंदींमध्ये सर्वांत जास्त होते. आपल्याकडे पूर्वेचे कोरडे वारे जोर धरून दुपारचे खारे वारे उशिरा सुटले, की पारा एकाएकी चढतो आणि सुपारीएवढ्या कैऱ्या देठाकडून पिवळ्या पडून गळतात. म्हणून उन्हाळ्याची तयारी जानेवारीतच करायची. फळधारणेपूर्वी मोठ्या कलमांना पाणी देऊ नका, नाहीतर पालवी फुटेल. फळे वाटाण्याएवढी, गोटीएवढी आणि अंड्याएवढी झाली की प्रत्येक वेळी झाडामागे १५० ते २०० लिटर पाणी द्या आणि आळ्यात गवत-पाचोळ्याचे आच्छादन घाला. त्याच टप्प्यांवर १ टक्का पोटॅशियम नायट्रेट फवारल्यास गळ कमी होते. आच्छादनाचा दुसरा फायदा साक्याच्या, म्हणजे फळातला गर खराब होण्याच्या, बाबतीत. तापलेल्या जमिनीची धग खालच्या फळांना लागते, ती त्याने अडते. गोटीएवढ्या फळांना २५ बाय २० सेंटिमीटरच्या कागदी पिशव्या घातल्या तर उन्हाचे डाग आणि फळमाशी दोन्ही टळतात. मजुरी परवडत असेल तिथे जरूर घाला.

पावसाळ्यापर्यंत एक निर्णय राखून ठेवा. कल्टार १५ जुलै ते १५ ऑगस्टच्या दरम्यान घालतात. या हंगामात कोणत्या कलमांना पुनर्मोहोर आला याची नोंद असेल, तर खोलगट भागातल्या कलमांना ते द्यायचे की नाही हे त्यावरून ठरवता येईल. सगळ्या बागेला एकाच वेळी मोहोर आणण्यापेक्षा दोन टप्प्यांत आलेला मोहोर मला बरा वाटतो. बाजारात पहिली पेटी थोडी मागे राहील, पण थंडीच्या एका लाटेत सगळा हंगाम जाणार नाही.

हवामान आधारित फळपीक विम्यात आंब्यासाठी अवेळी पावसाबरोबर कमी आणि जास्त तापमानाचाही धोका धरलेला असतो. भरपाई मात्र मंडळातल्या हवामान केंद्राच्या आकड्यावर मिळते, तुमच्या तापमापकावर नाही. कोकणातल्या आंब्याची नोंदणी साधारण नोव्हेंबरअखेर बंद होते. यंदाची नेमकी तारीख आणि तापमानाचे निकष सहायक कृषी अधिकाऱ्याकडून विचारून घ्या, आणि सातबाऱ्यावर कलमांची नोंद बरोबर आहे का ते आताच तपासा.