पेज बंद करू का?

प्रश्न : सातवा महिना. अंगाने बारीक, तरी 75 ग्रॅम ग्लुकोज घेतल्यावर 2 तासांनी साखर 156. पेज सोडू का? – एक वाचक, मसुरे

उत्तर : 140 किंवा जास्त म्हणजे गर्भावस्थेतला मधुमेह. वारेची संप्रेरकं इन्सुलिनला अडवतात. स्वादुपिंडाला दुप्पट-तिप्पट इन्सुलिन बनवावं लागतं. ते जमलं नाही की साखर चढते. कोरियातल्या सडपातळ बायकांतही हे दिसतं. पुण्याच्या केईएममध्ये डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी दाखवलंय, की आपली बाळंही वजनाने कमी पण चरबीने भरलेली जन्मतात. तेव्हा बारीकपणावर विसंबू नका.

पेज सोडू नका, वाटी लहान करा. जोडीला कुळथाची पिठी, बांगडा घ्या. (सुरमईच हवी असं नाही!) जेवणानंतर शतपावली घाला. दोन आठवड्यांनीही जेवणानंतरची 2 तासांची साखर 120 वर राहिली, तर डॉक्टर औषध किंवा इन्सुलिन सुरू करतील. घाबरू नका, घ्या. बाळंतपणानंतर 6 आठवड्यांनी पुन्हा तपासणी करा.